स्वसंमोहन : ताबा कोणाचा?

रत्नागिरी जिल्ह्यातील एका भगिनीचे पत्र आमच्यापुढे आहे. नाव-गाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे. बी.एड. झाल्यावर सात वर्षे घरी काढून त्या एका माध्यमिक शाळेत शिक्षिका म्हणून लागल्या. मुलांना शिकवताना त्यांना काही त्रास होत नाही. परंतु मुख्याध्यापक येऊन मागच्या बाकावर बसले, किंवा पालकसभेत उभे राहून बोलायची वेळ आली, की घसा कोरडा पडतो, हात थरथरतात आणि पाठ केलेले वाक्यही आठवत नाही. पालकसभेच्या दिवशी त्यांनी दोनदा आजारपणाची रजा टाकली. मग धीर करून त्या शहरातील एका महिला मानसशास्त्रज्ञांकडे गेल्या. चार भेटी झाल्या, थोडे बरे वाटू लागले. पाचव्या भेटीपासून आपण स्वसंमोहन शिकू, असे त्या बाईंनी सांगितले आणि ही गोष्ट घरात कळली. सासूबाई म्हणाल्या, हा जादूचा प्रकार आहे. थोरले दीर म्हणाले, आपले मन दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचे म्हणजे काय? शौहर दोन्हीकडून बोलणी खात आहेत. पत्राचा शेवट असा आहे : ‘उपचार सोडू की नोकरी सोडू, एवढेच सांगा.’

आमचे उत्तर आधीच देऊन टाकतो. भगिनी, सध्या दोन्हीपैकी काहीही सोडू नका. का ते पुढे सांगतो. हे पान सासूबाईंनाही वाचून दाखवावे, अशी आमची इच्छा आहे, कारण त्यांची शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ज्या गोष्टीचे नाव घेतले की लोकांच्या डोळ्यांपुढे लोंबते घड्याळ आणि काळा कोट येतो, त्या गोष्टीला घरातील वडीलधारे घाबरणारच.

ते चित्र सिनेमाने आणि रंगमंचावरच्या खेळांनी दिलेले आहे. खेळ करणारा माणूस आधी सगळ्या प्रेक्षकांकडून एखादी लहानशी सूचना करून घेतो, ज्यांचा प्रतिसाद चटकन येतो त्यांनाच वर बोलावतो; आणि शेकडो लोकांपुढे वर गेलेल्या माणसाला खेळ मोडायचा नसतो. निम्मे काम या निवडीतच होऊन जाते. दवाखान्यातील खोलीत यातले काहीच नसते.

‘ताबा’ ही कल्पना आली कुठून, हेही पाहू. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये फ्रान्झ मेस्मर नावाचे डॉक्टर एका अदृश्य चुंबकीय प्रवाहाने आपण रोगी बरे करतो असे सांगत. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने चौकशी लावली. समितीत बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए यांच्यासारखी माणसे होती. त्यांना प्रवाह वगैरे काही सापडला नाही. जे घडते ते रोग्याच्या स्वतःच्या कल्पनेने घडते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढे १८४१ साली मँचेस्टरमध्ये जेम्स ब्रेड या शल्यचिकित्सकांनी असाच एक खेळ पाहिला. खेळ करणाऱ्यावर त्यांचा विश्वास नव्हता; पण समोरच्या माणसाच्या पापण्या खरोखरच जड झाल्या आहेत, हे त्यांच्या नजरेतून सुटले नाही. त्यांनी घरच्या माणसांना एका वस्तूकडे टक लावून बसवले आणि काही मिनिटांत तीच अवस्था आली. हातवारे नाहीत, प्रवाह नाही, कोणाची शक्ती नाही. सगळे काम त्या माणसाचे स्वतःचे लक्ष करत होते. ब्रेड यांनी १८४३ साली यावर पुस्तक लिहिले. झोप या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून इंग्रजीत ‘हिप्नॉटिझम’ हे नाव रूढ झाले ते त्यांच्यामुळे. नंतर त्यांना ते नाव खटकू लागले, कारण ही झोप नाही हे त्यांच्या लक्षात आले होते. स्वतःच्या संधिवाताच्या वेदनेवर त्यांनी हा उपाय स्वतःच करून पाहिला. म्हणजे जिला आपण आज स्वसंमोहन म्हणतो, ती गोष्ट नाव पडल्यापासून जवळजवळ लगेचच सुरू झाली.

आता दवाखान्यात काय होते ते सांगतो. आपण खुर्चीत टेकून बसता. समोरच्या भिंतीवर एखादा बिंदू पाहायला सांगतात. श्वास सावकाश सोडायचा. पापण्या थकल्या की मिटायच्या. मग कपाळ, जबडा, खांदे, हात असे एकेक अंग सैल सोडायचे. दहापासून एकपर्यंत उलटे मोजत, एखाद्या जिन्याच्या पायऱ्या उतरत आहोत असे मनात आणायचे. खाली पोचल्यावर आपल्याला जिथे निवांत वाटते अशी जागा. एखाद्याला ती आजोळचा ओटा वाटेल, एखाद्याला खाडीवरचा धक्का, एखाद्याला पावसात घराच्या खिडकीजवळची चटई. तिथे थोडे थांबायचे. मग आधी ठरवलेले वाक्य मनात म्हणायचे आणि ज्या प्रसंगाची भीती वाटते तो प्रसंग आपण पार पाडत आहोत, असे सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहायचे. शेवटी एक ते पाच मोजून डोळे उघडायचे. दहा-पंधरा मिनिटांचे काम.

या सगळ्या वेळात रस्त्यावरची रिक्षा ऐकू येते, शेजारच्या खोलीतील बोलणे ऐकू येते, आपण कोण आणि कुठे आहोत हे कळत असते. नको वाटले तर डोळे उघडून उठता येते. ‘यातून कोणी बाहेरच आले नाही तर?’ असे अनेकजण विचारतात. फार तर डुलकी लागते, आणि डुलकीतून माणूस उठतोच. पहिले काही दिवस मानसशास्त्रज्ञ स्वतः बोलून हे करून घेतात, नंतर त्या सूचना आपल्याच आवाजात मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून घरी ऐकायच्या, आणि पुढे ध्वनिमुद्रणाचीही गरज राहत नाही. म्हणूनच तर त्याला ‘स्व’ लावलेले आहे. दीरसाहेबांच्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे. या पद्धतीत बाईंनी आपला हात हळूहळू काढून घ्यायचा असतो. जो उपचारक वर्षभरानंतरही ‘माझ्याशिवाय तुम्हाला जमणार नाही’ असे म्हणतो, त्याच्याविषयी मात्र शंका घ्यावी.

परंतु डोळे मिटून मनात काही पाहिल्याने पालकसभेत काय फरक पडणार? हे ज्यांना पटत नाही त्यांच्यासाठी एक जुने उदाहरण आहे, आणि ते आपल्या परिचयाच्या माणसाचे आहे. इब्न सीना (९८० ते १०३७) यांनी ‘किताबुश्शिफा’ या ग्रंथाच्या नफ्साविषयीच्या भागात ते दिले आहे. वाटेवर आडवी पडलेली एक फळी घ्या. तिच्यावरून कोणीही सहज चालत जाईल. तीच फळी खोल दरीवर पुलासारखी टाका. फळी तेवढीच रुंद, पाय तेच; तरी माणसाला चालवत नाही, कारण पडण्याचे चित्र त्याच्या मनात इतके ठसते की अंग त्या चित्राप्रमाणे वागू लागते. पुढे नऊशे वर्षांनी फ्रान्समधील नॅन्सी येथील औषधविक्रेते एमिल कुए लोकांना स्वयंसूचना शिकवताना जवळजवळ हेच उदाहरण देत. इच्छाशक्ती आणि कल्पना यांची झुंज लागली तर कल्पना जिंकते, असे त्यांचे म्हणणे होते.

आता आपल्या भगिनीकडे पाहा. वर्गातली फळी जमिनीवर आहे. मुख्याध्यापक येऊन बसले की तीच फळी दरीवर जाते. पालकसभेच्या आदल्या रात्री त्या अंथरुणात पडून काय करत असतील? आपण अडखळलो, लोक हसले, कोणीतरी कुजबुजले, हे पुन्हा पुन्हा पाहत असतील. हीसुद्धा एक प्रकारची स्वयंसूचनाच आहे, आणि ती त्या न शिकवता, रोज, मन लावून करत आहेत. स्वसंमोहनात काही नवी शक्ती अंगात येत नाही. जी तालीम चुकीच्या दिशेने चालू आहे तिची दिशा बदलायची असते.

ही तालीम कधी करायची, याला फार महत्त्व आहे, आणि इथेच पुष्कळांची निराशा होते. सभेच्या दारात उभे राहून पहिल्यांदाच डोळे मिटले तर काही होत नाही. अबू जैद अल-बल्खी (मृत्यू ९३४) यांनी शरीर आणि मन या दोन्हींच्या आरोग्यावर एक ग्रंथ लिहिला आहे. त्यांचा सल्ला असा, की माणूस अचानक येणाऱ्या दुखण्यासाठी जशी औषधे घरात आधीच ठेवतो, तसे मन शांत असताना चांगले विचार जमवून ठेवावेत, म्हणजे भीती किंवा दुःख आले की ते हाताशी असतील. हजार-अकराशे वर्षांपूर्वीचे हे म्हणणे आजही कोणत्याही मानसशास्त्रज्ञाने नाकारू नये. रोज दहा मिनिटे, जेव्हा काही संकट नाही तेव्हा. काही आठवडे असे केल्यावर शरीराला ती वाट ओळखीची होते. पुष्कळ उपचारक शांत अवस्थेत अंगठा आणि तर्जनी जुळवून ठेवण्याची सवय लावतात. पुढे सभेत बसल्या जागी, टेबलाखाली, तीच बोटे जुळवली की खांदे आपोआप खाली येतात. कोणाला कळतही नाही.

आता वाक्यांविषयी. आत्मविश्वासासाठी संमोहनाचा उपयोग करण्यात ब्रिटनमधील डॉक्टर जॉन हार्टलंड यांचे नाव आवर्जून घ्यावे लागते. १९६०च्या दशकात त्यांनी असा विचार मांडला, की रोग्याचे लक्षण घालवण्याच्या आधी रोग्यालाच बळ द्यावे. त्यासाठी त्यांनी सूचनांची एक लांबलचक मालिका तयार केली. दिवसेंदिवस मन अधिक शांत होईल, लक्ष लागेल, स्वतःवरचा भरवसा वाढेल, अशा आशयाच्या सूचना ते सावकाश, लयीत, पुन्हा पुन्हा देत. पुढच्या उपचारकांनी कल्पना घेतली, पण एकच मजकूर सगळ्यांना वाचून दाखवणे हळूहळू सोडले, आणि ते बरे झाले. दुसऱ्याने लिहिलेला आत्मविश्वास अंगाला बसत नाही.

‘मी सर्वश्रेष्ठ आहे’, ‘मला कशाचीच भीती वाटत नाही’ अशी वाक्ये आरशासमोर म्हणायला शिकवणारी शिबिरे सध्या गावोगाव भरतात. त्यांच्याविषयी आमचे मत चांगले नाही, आणि ते केवळ मत नाही. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठातील जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दिसले, की ज्यांचे स्वतःविषयीचे मत आधीच खालावलेले आहे, त्यांना अशी गोड वाक्ये म्हटल्यावर अधिकच वाईट वाटले. कारण उघड आहे. तोंड एक म्हणते आणि आतून उत्तर येते, ‘हे खोटे आहे.’ म्हणून वाक्य असे हवे की ते म्हणताना आतून विरोध होणार नाही. ‘मी घाबरणार नाही’ यात तर घाबरण्याचीच आठवण आहे. त्याऐवजी, ‘पालकसभेत पहिले वाक्य मी सावकाश बोलते. घसा कोरडा पडला तर पाण्याचा एक घोट घेते आणि पुढे बोलते.’ यात भीती नाकारलेली नाही. भीती आली तर काय करायचे, ते ठरवलेले आहे. वाक्य पुस्तकी मराठीत असण्याचीही गरज नाही. घरात कोकणी किंवा दख्खनी बोलत असाल तर त्याच बोलीत म्हणा. ज्या भाषेत आपण स्वतःला बोल लावतो त्याच भाषेत धीरही द्यावा.

मात्र केवळ खुर्चीत बसून हे काम पुरे होत नाही. रजा टाकली की त्या दिवशी सुटका वाटते, आणि त्या सुटकेनेच पुढच्या सभेची भीती वाढते. मनाला वाटते, पळालो म्हणून वाचलो. त्यामुळे मानसशास्त्रज्ञ स्वसंमोहन एकटे वापरत नाहीत. विचार आणि वर्तन बदलण्याचा जो नेहमीचा उपचार आहे, ज्याला दवाखान्यात सीबीटी म्हणतात, त्याच्या जोडीला ते देतात. मनात जी पायरी पाहिली ती त्याच आठवड्यात प्रत्यक्ष चढायची. आमच्या भगिनीने पहिल्या आठवड्यात शिक्षकांच्या खोलीत एका मैत्रिणीला चार ओळी मोठ्याने वाचून दाखवाव्यात. मग तिलाच दहा मिनिटे वर्गात मागच्या बाकावर बसवावे. मग परिपाठाला एखादी सूचना वाचावी. पालकसभा त्यानंतर, आणि तीही दोन मिनिटांची. एखादी पायरी जमली नाही तर तिच्या खालच्या पायरीवर आठवडाभर आणखी थांबावे. पायऱ्या कोणत्या आणि किती, हे त्यांच्या बाईंनीच ठरवायचे आहे. आम्ही फक्त नमुना दिला.

सगळ्यांना हे सारखे जमते का? नाही. संमोहनाला सहज प्रतिसाद देणारी माणसे शंभरात दहा-पंधरा असतात, जवळपास तेवढ्यांना फारच थोडे जाणवते, आणि उरलेले मध्ये असतात. ज्यांना कमी जाणवते त्यांनी मनाला लावून घेऊ नये. त्यांच्यासाठी श्वासाचे आणि स्नायू सैल सोडण्याचे साधे व्यायाम आणि वर सांगितलेल्या पायऱ्या पुरेशा कामाच्या असतात.

काहींनी तर याच्या वाटेला डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय जाऊच नये. ज्यांना कानात आवाज येतात, सगळे आपल्याविरुद्ध कट करत आहेत असे वाटते, ज्यांना फिट येतात, ज्यांचे नैराश्य इतके खोल आहे की जीव नकोसा वाटतो, ज्यांच्यावर पूर्वी अत्याचार झाला आहे आणि त्या आठवणी अंगावर येतात, त्यांना आधी मनोविकारतज्ज्ञांची गरज आहे. डोळे मिटून एकटे बसणे त्यांना उलट जड जाऊ शकते. गाडी चालवताना किंवा शेगडीवर दूध ठेवून सूचना ऐकत बसू नये, हे सांगायला नको, तरी सांगतो.

आता सासूबाईंचा मुद्दा. या पद्धतीत कोणाला हाक मारायची नसते, कोणाकडे काही मागायचे नसते, मंत्र नसतो, तावीज नसतो. श्वास, लक्ष आणि स्वतःचे वाक्य, एवढेच असते. एखाद्या उपचारकाने एखादी मूर्ती किंवा मंत्र डोळ्यांपुढे आणायला सांगितले आणि ते आपल्या अकीद्यात बसत नसेल, तर सरळ सांगावे. जाणता उपचारक लगेच बदल करतो, कारण चित्र रोग्याच्या मनातलेच असले पाहिजे, हा त्याच्याच शास्त्राचा नियम आहे. ‘तुमचा मागचा जन्म दाखवतो’ अशी जाहिरात करणाऱ्यांकडे तर जाऊच नये. आपल्या श्रद्धेचा प्रश्न बाजूला ठेवला तरी, संमोहनात निघालेल्या आठवणी खऱ्या असतीलच असे नाही, हे मानसशास्त्रही मान्य करते. धार्मिक शंका उरत असेल तर विश्वासातील आलिमांना विचारावे, पण विचारताना ‘संमोहन जायज आहे का?’ एवढाच प्रश्न टाकू नये. खोलीत नेमके काय करतात, काय बोलतात, ते सांगून विचारावे.

उलट टोकाच्या भगिनीही आम्हाला भेटतात. ‘मग नमाज आणि जिक्र म्हणजे स्वसंमोहनच झाले की!’ असे त्या उत्साहाने म्हणतात. आम्हाला ही तुलना पसंत नाही. नमाजने मनाला शांती मिळते हे आपण सगळे अनुभवतो, पण ती इबादत आहे. तिला उपचारांच्या यादीत एक कलम म्हणून बसवू नये. फज्रनंतर घर शांत असते म्हणून ती वेळ या दहा मिनिटांसाठी निवडली, तर गोष्ट वेगळी. दुआ करावी आणि डॉक्टरांकडेही जावे. हाडे मोडल्यावर आपण हेच करतो.

कोणाकडे जावे, हा शेवटचा आणि व्यवहाराचा प्रश्न. संमोहनाची दोन दिवसांची शिबिरे करून भिंतीवर प्रमाणपत्र लावणारे पुष्कळ आहेत. ते प्रमाणपत्र बाजूला ठेवून मूळ शिक्षण विचारावे : मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर आहेत का, किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहेत का. स्त्री उपचारक हवी असेल तर तसे मागावे. पहिल्या एक-दोन भेटींना बहीण किंवा शौहर सोबत बसावेत असे वाटले तर तेही मोकळेपणाने विचारावे. आमच्या भगिनीच्या घरी तर सासूबाईंनीच एकदा सोबत जाऊन खुर्चीत बसलेली सून पाहून यावी, असे आम्ही सुचवतो. मात्र आत काय बोलणे झाले हे घरच्यांनी खोदून विचारू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने ती माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क रोग्याला दिला आहे.

जवळपास कोणीच नसेल, किंवा फी परवडत नसेल, तर सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करता येतो. ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फोन दिवसा-रात्री केव्हाही लागतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. फोनवर स्वसंमोहन शिकवतील असे नाही. पण आपल्या जिल्ह्यात कोणाकडे जावे, हे तिथे विचारता येईल.